आतोबांनी मांडलेला देव

माणसाला दमवायचं तर दुसऱ्याने काहीतरी करावं लागतं, अशी माझी समजूत होती. आमच्या आतोबांनी ती खोटी ठरवली. ते नुसते ओटीवर येऊन बसले तरी घरातली माणसं दमत. मी दिघीच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा राहण्याजेवण्याची सोय आत्याकडे झाली, आणि त्या सोयीत आत्याचे यजमान धरलेलेच होते. माझं वय तरुण, अंगात जोर होता. तरी पहिल्या महिन्यातच मला रविवारापेक्षा शाळेचे दिवस बरे वाटायला लागले. शाळेत पोरांची खोगीरभरती होती आणि घरी आतोबा एकटेच होते, पण घरचा वर्गच मला जास्त जड जाई. त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजून कधी उगाच थकल्यासारखं वाटलं की मी कारण शोधू लागतो, आणि बहुतेक वेळा ते आतोबाच निघतात.

आतोबांनी उमेदीची सगळी वर्षं आगबोटींवर काढली होती. खलाशी म्हणून चढले आणि सारंग होऊन उतरले. सारंग म्हणजे बोटीवरच्या खलाशांचा मुकादम. गावात त्यांना सगळे सारंगच म्हणत, आणि आतोबाही गावाला आपले खलाशी समजत. महायुद्ध संपल्यावर ते कायमचे घरी आले, ते एक पत्र्याची पेटी, एक पितळी दुर्बीण, एक लोकरीची कानटोपी आणि एक दुखरा गुडघा घेऊन. कानटोपी ते वैशाखातही काढत नसत. अंग उघडं, कमरेला पंचा आणि डोक्याला कानटोपी, अशा थाटात ओटीवर बसून घामाच्या धारा पुसत पुसत ते थंडीच्या गोष्टी सांगत. माघात आम्ही घोंगड्या पांघरून कुडकुडत असलो की त्यांना आमची कीव येई. "मास्तर, ही थंडी नव्हे. ही नुसती थंडीची नक्कल," असं म्हणून ते मुद्दाम गार पाण्याने आंघोळ करत आणि मग आठ दिवस खोकत. दुर्बीण सदा गळ्यात. विहिरीवर गेलेल्या आत्याकडे ती रोखून ते ओटीवरूनच ओरडत, "अगो, दोर सैल सोडतेस!" आत्या कळशी भरून येई, त्यांच्याकडे न बघता आत जाई आणि मला म्हणे, "लोकांचे यजमान परदेशाहून घड्याळं आणतात, लुगडी आणतात. आमच्यांनी पाखरं आणली. तीही डोक्यात."

ही पाखरांची भानगड अशी होती. एकदा त्यांची बोट कोळसा घेऊन दक्षिणेला, पार जग संपतं तिथल्या एका बर्फाच्या बेटाला लागली होती. तिथे देवमाशाचं तेल काढायचा कारखाना होता, त्याला कोळसा लागे. त्या बेटाच्या किनाऱ्यावर आतोबांनी पाखरं पाहिली, आणि त्यानंतर त्यांनी जगात दुसरं काही नीट पाहिलं असेल असं मला वाटत नाही. पाठीला काळी, पोटाला पांढरी, उडता न येणारी आणि माणसासारखी दोन पायांवर ताठ उभी राहणारी पाखरं. पुस्तकात त्यांना पेंग्विन म्हणतात, हे मी एकदोनदा सांगून पाहिलं. पण तो शब्द त्यांनी कानटोपीच्या आत येऊ दिला नाही. ते त्यांना 'उभी पाखरं' म्हणत. किती होती असं कोणी विचारलं की ते म्हणत, "श्रीवर्धनच्या सगळ्या वाड्यांतल्या पोफळी मोजून या. मग आपण पाखरांना सुरुवात करू." त्यांचा वास बोटीवर आधी येई आणि बेट मागाहून दिसे. त्यांचा कलकलाट एवढा, की सारंगाला आपली शिट्टी आपल्यालाच ऐकू येत नसे. ही पाखरं घरटं बांधत नाहीत. अंडं पायांच्या पंजावर घेतात, वरून पोटाची घडी पांघरतात आणि बर्फात उभी राहतात. नवरा समुद्रावर गेला की बायको उभी, बायको गेली की नवरा उभा. आत्या आतून तांदूळ निवडता निवडता म्हणे, "आमच्यात नवरा समुद्रावर गेला तो गेलाच. मी आपली अजून उभीच आहे."

ही गोष्ट नुसती सांगून ते थांबले असते तरी मी तक्रार केली नसती. पण आतोबा ती करून दाखवत. कुणाच्या लग्नाला गेले की पंगत बसायच्या आधी मांडवात हात अंगाला चिकटवून, मान उंच करून, दुखऱ्या गुडघ्यावर डुलत डुलत एक फेरी घालत. नव्या नवरीला हसू आवरत नसे आणि वरमाईला ते खपत नसे. एकदा मी बेसावध असताना त्यांनी माझ्या वर्गावर हल्ला केला. मी पाणी प्यायला घरी गेलो होतो, परत येतो तो सगळी पोरं बाकांमधून रांगेने उभी, प्रत्येकाच्या पायांवर एकेक सोललेला नारळ, आणि आतोबा छडी घेऊन सांगतायत, "पाडलंत तर पिल्लू मेलं! हळू! शेजाऱ्याला द्या! पायानं, हातानं नव्हे!" नेमके त्याच दिवशी दिपोटीसाहेब तपासणीला आले. ते दारात उभे राहून बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांनी हा कोणता विषय म्हणून विचारलं. मी भूगोल म्हणालो. आतोबा म्हणाले, "संसार." दिपोटीसाहेबांनी शेरा बरा दिला, पण जाताना मला बाजूला घेऊन तब्येत जपायला सांगितलं.

या गोष्टीला एक शेपूट होतं, ते मात्र आतोबा करून दाखवत नसत. ते त्यांनी मला दोनतीनदाच सांगितलं असेल, तेही मी विचारलं नसताना. उभ्या पाखरांच्या अंगात चरबी असते आणि तिचं तेल निघतं. त्या किनाऱ्यावर ते कढवायला मोठाल्या काहिली मांडलेल्या होत्या. "ती पळत नाहीत हो मास्तर," आतोबा म्हणाले. "माणूस वाईट असतो हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. काठी आडवी धरून हाकललं की रांगेनं चालतात. काहिलीपर्यंत चालतात. आम्हीही काठ्या घेतल्या होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, मजा म्हणून." पुढे काही वर्षांनी त्यांची बोट पुन्हा त्याच बेटाला लागली तेव्हा त्या किनाऱ्यावर वाळू होती, हाडं होती आणि गार पडलेल्या काहिली होत्या. वास नव्हता, कलकलाट नव्हता. आतोबांनी शिट्टी वाजवली, ती लांबपर्यंत ऐकू गेली. एवढं सांगून ते उठले आणि वाडीत शिंपणं करायला निघून गेले. त्या दिवशी शिंपणं आधीच झालेलं होतं.

दिघीच्या खाडीतून बाहेर पडलं की समुद्रात एक खडक आहे. त्यावर झाड नाही, पाणी नाही, एरवी कुणी तिकडे फिरकत नाही. वैशाखाच्या अखेरीला मात्र सुरय पाखरं तिथे अंडी घालायला येत. पांढुरक्या अंगाची, काळ्या माथ्याची, मासे टिपणारी ही पाखरं एवढ्या संख्येने उतरत की किनाऱ्यावरून तो खडक चुना लावल्यासारखा दिसे. तीही घरटं करत नाहीत. उघड्या दगडावर अंडी टाकतात. आणि कोळीवाड्याची रीत अशी, की पावसाळ्यासाठी होड्या वर ओढून शाकारायच्या आधी शेवटची फेरी त्या खडकावर करायची, टोपल्या भरून अंडी आणायची आणि होड्या वर काढल्यावर सगळ्या वाडीने मिळून त्यांचं कालवण खायचं. पिढ्यान् पिढ्या हे चाललेलं होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नव्हतं. मी दोनदा ते कालवण खाल्लं होतं आणि ते चांगलं असतं.

आतोबांनी घरी आल्यावर पहिल्याच वर्षी त्या टोपल्या किनाऱ्याला लागताना पाहिल्या आणि तिथून आमची सगळ्यांची साडेसाती सुरू झाली. ते कोळीवाड्याच्या पाटलाकडे जाऊन बसू लागले. पाटील म्हणजे भला माणूस, काळा, धिप्पाड, सावकाश बोलणारा. तो आतोबांचं सगळं ऐकून घेई, विडी पुढे करी आणि म्हणे, "सारंग, पाखरं काय संपतात व्हय? समुद्र संपंल, पन पाखरं न्हाय संपायची." आतोबा म्हणत, "मीही तिथं हेच म्हणालो होतो." मग ते मुरूडच्या कचेरीत गेले. तिथल्या एका अंमलदाराने चहा पाजला आणि पाखरं कुणाच्या मालकीची आहेत एवढंच विचारलं. तिसऱ्या वर्षी आतोबांनी स्वतःच पहारा करायचं ठरवलं. कानटोपी, दुर्बीण, पाण्याची घागर आणि पोह्यांचं गाठोडं घेऊन ते खडकावर राहायला गेले. पण आपला कैवारी आला आहे हे त्या पाखरांना समजावून कोण सांगणार? त्यांनी आतोबांना दिवसभर टोचलं. कानटोपी होती म्हणून टाळू वाचली. दुसऱ्या दिवशी पाटलाच्या होडीतूनच ते परत आले, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे होऊन, अंड्यांच्या टोपल्यांच्या शेजारी बसून. आत्याने अंगणातच अडवलं आणि घागरीमागून घागर ओतली. "ज्यांच्यासाठी गेलात, त्यांनीच केलं ना हे?" ती म्हणाली. आतोबा डोळे मिटून म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे."

त्यानंतरच्या वर्षी फाल्गुनात आत्याचा शेंदूर हरवला. मारुतीच्या देवळात द्यायला म्हणून आणलेला चांगला पुडाभर शेंदूर, आणि त्याबरोबर तेलाची बाटली. आत्याने घर पालथं घातलं. आतोबा शांतपणे ओटीवर बसले होते आणि त्यांच्या नखांत तांबडं होतं. मी ते पाहिलं. पण आतोबांना प्रश्न विचारला की उत्तराला संध्याकाळ होते, हे मला ठाऊक होतं, म्हणून गप्प बसलो. चारपाच दिवसांनी कोळीवाड्यातून आरडाओरडा ऐकू आला. खडकावर देव निघाला होता! सगळ्यात उंच जागी, दोन दगडांच्या बेचक्यात, पूर्वेकडे तोंड करून, शेंदराने नटलेला. आतोबा घाईघाईने किनाऱ्यावर गेले, बातमी ऐकून चकित झाले आणि पाटलाला म्हणाले, "जागृत दिसतोय. पाखरं म्हणजे त्याचीच लेकरं असणार. मी म्हणतो, यंदा अंड्यांना हात लावू नये." पाटलाने विचार केला आणि मान डोलावली. जे काम तीन वर्षांच्या व्याख्यानांनी झालं नव्हतं ते पुडाभर शेंदराने झालं. देव मात्र जुन्या शिडाच्या मचव्याच्या तळात वजनाला घातलेला एक धोंडा होता. तो मचवा आमच्या वाडीमागेच मोडून पडलेला होता, आणि त्यातला एक धोंडा कमी झालेला मी डोळ्यांनी पाहून आलो.

आतोबांच्या आयुष्यातली सुखाची वर्षं म्हणायची तर हीच दोनतीन. ज्येष्ठ लागला की ते माडावर चढण्याचा हट्ट धरत, आम्ही पाय धरून खाली ओढत, मग ते टेकडीवर जाऊन दुर्बीण लावून बसत आणि जेवायला बोलावलं तर हातानेच गप्प राहायची खूण करत. अंडी फुटली, पिल्लं झाली, पिल्लं उडाली. खडकाबाहेर लांबच्या लांब आकाश पाखरांनी हलताना दिसे. आतोबा बोलायचे कमी झाले. घरात एवढी शांतता पसरली की आत्याला काळजी वाटू लागली आणि तिने वैद्यांना बोलावलं. वैद्यांनी नाडी पाहून सांगितलं की काही झालेलं नाही, माणूस समाधानी आहे. आत्या म्हणाली, "असं कधी पाहिलं नव्हतं, म्हणून ओळखलं नाही."

पण देव आला की त्याच्यामागून काय काय येतं, याचा हिशेब या जगभर फिरलेल्या माणसाने केला नव्हता. दुसऱ्या वर्षी पाटलाला म्हावरं चांगलं मिळालं; त्याने खडकावर जाऊन नारळ फोडला. मग ज्याला मूल होत नव्हतं त्याला मूल झालं, त्याने कोंबडा नेला. देवाचं नाव खडकोबा पडलं. पुढच्या वर्षी आगरदांड्याच्या होड्या आल्या. त्याच्या पुढच्या वर्षी श्रीवर्धनकडून एक मिठाईवाला आला आणि भजनाची मंडळी आली. आणि दिवस कोणता ठरला? तर होड्या वर काढायच्या आधीची ती शेवटची फेरी. रीत मोडायची नव्हती. नुसतं अंडी आणण्याऐवजी देवाचं दर्शन आलं होतं. ऐन अंड्यांच्या दिवसांत खडकोबाची जत्रा भरायला लागली. आतोबांनी परोपरीने सांगून पाहिलं की देवाला एकांत आवडतो. पाटील म्हणाला, "सारंग, एकांत आवडणारा देव असा लोकांसमोर निघतो व्हय?"

त्या जत्रेला मी आत्याला घेऊन एकदा गेलो आहे. आतोबा आमच्या आधीच गेले होते. होडी खडकाला लागली तेव्हा ढोल चालले होते आणि वर सगळी पाखरं ओरडत घिरट्या घालत होती. एकही खाली नव्हतं. खाली माणसं होती. आणि ती माणसं किती जपून वागत होती! कुणाचा पाय अंड्यावर पडू नये म्हणून बायांनी सगळी अंडी अलगद उचलून टोपल्यांत मऊ कापडावर ठेवली होती. जत्रा उठल्यावर ती परत होती तिथे ठेवायची होती. देवाची लेकरं म्हणून प्रत्येक अंड्याला हळदकुंकू लावत होत्या. पाटलाची म्हातारी मोठ्या भक्तीने ते करत होती. आम्हाला बघून म्हणाली, "या, वयनी, तुमीबी लावा. एकबी फुटलं न्हाय हां. एकबी न्हाय खाल्लं कुनी." आत्याने कुंकवाचं बोट पुढे केलं आणि तिला आतोबा दिसले. ते देवाच्या पायथ्याशी उन्हात बसले होते आणि त्यांच्या तळहातावर एक कुंकू लावलेलं अंडं होतं. ते त्याला पंच्याच्या टोकाने पुसत होते. आत्याने बोट मागे घेतलं, लुगड्याला पुसलं आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली. एवढ्या वर्षांत चारचौघांत ती त्यांच्या शेजारी बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

अंडी परत ठेवली गेली, पण पाखरं त्यांच्यावर परत बसली नाहीत. पुढच्या ज्येष्ठात थोडीशी आली आणि जत्रेच्या ढोलाबरोबर उठली ती उठलीच. त्याच्या पुढच्या वर्षी खडक काळाच राहिला. आतोबा टेकडीवरून खाली आले, जेवले, आणि दुर्बीण पेटीत ठेवून दिली. त्या संध्याकाळी ते कोळीवाड्यात गेले. मीही मागोमाग गेलो, कारण त्यांच्या चालण्यात डुलणं नव्हतं. होड्या वर काढून सगळी मंडळी किनाऱ्यावर बसली होती. आतोबांनी उभं राहून सगळं सांगितलं: मचव्याचा धोंडा, आत्याचा शेंदूर, रात्री गुपचूप वल्हवत नेलेली होडी, सगळं. "तो देव नव्हे. मी तुम्हाला फसवलं. जोडे मारायचे तर मारा, पण तिथं जाऊ नका," असं म्हणून ते खाली बसले. मला वाटलं, आता गदारोळ होणार. पण पाटलाने विडी विझवली. मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "सारंग, कुनाच्या तरी हातानंच देव येतो. तुमच्या हातानं आला. मांडला तुमी, पन आता तो आमचा हाय. आमच्या पोरांला त्यानं वादळातनं काडलंय. त्याला इचारल्याशिवाय कसा सोडायचा?" आतोबांनी माझ्याकडे पाहिलं. वाद घालायचा तर दुसऱ्याने रागवावं लागतं, आणि इथे कुणी रागवायलाच तयार नव्हतं.

तेव्हा ठरलं ते असं, की देवाला खडकावरून उचलून किनाऱ्यावर आणून बसवायचं का, याचा कौल देवालाच लावायचा. पाटील गाऱ्हाणं घालणार, देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाण्याने दोन पाकळ्या चिकटवणार. उजवी आधी पडली तर देव यायला राजी, डावी पडली तर नाही. पुढच्या जत्रेला आपणच आणून ठेवलेल्या धोंड्यासमोर आतोबा हात जोडून उभे राहिले आणि डावी पाकळी पडली. दुसऱ्या वर्षीही डावीच. होडीतून परत येताना ते मला म्हणाले, "मास्तर, एवढ्या आगबोटींवर सारंग होतो. माझं न ऐकणारा खलाशी मला भेटला नाही. आणि हा धोंडा, मी पाठीवरून नेलेला." त्यात राग नव्हता. त्यांना थकवा आला होता. दुसऱ्याला दमवणाऱ्या माणसाला स्वतः दमलेलं बघणं मला सोसेना. त्याच सुमारास मुंबईहून आलेला त्यांच्या जुन्या बोटीवरचा एक खलाशी सांगून गेला की त्या दक्षिणेकडच्या बेटावर पाखरांचं तेल काढणं आता बंद करवलं आहे, आणि किनाऱ्याच्या एका कोपऱ्यात थोडी उभी पाखरं पुन्हा दिसायला लागली आहेत. त्या दिवशी आतोबांनी मांडवफेरी घातली नाही. त्याला पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिले, "तू स्वतः पाहिलीस? स्वतः?"

शेवटच्या कौलाच्या वर्षी आतोबांना होडीत उचलूनच ठेवावं लागलं. दम लागत होता, गुडघा वाकत नव्हता. आत्याने येऊ नका म्हणून सांगितलं आणि मग स्वतःच त्यांच्या कानटोपीचे बंद बांधले. खडकावर पाटलाने नेहमीसारखं गाऱ्हाणं घातलं. मंडळी हात जोडून उभी होती. आतोबा दोघांच्या आधाराने, डोळे उघडे ठेवून. पाटलाने देवाच्या अंगावर पाणी शिंपडलं. डाव्या खांद्यावर पाकळी दाबून बसवली. आणि मग उजव्या खांद्यावरचं पाणी त्याने आपल्या पागोट्याच्या टोकाने टिपलं, चांगलं कोरडं केलं, आणि त्या कोरड्या दगडावर दुसरी पाकळी नुसती टेकवली. हे सगळं त्याने सगळ्यांच्या देखत, सावकाश केलं. आणि त्याचा त्या देवावर खराखुरा विश्वास होता. मंडळींनी हात जोडलेलेच ठेवले. वाऱ्याची एक झुळूक आली आणि उजवी पाकळी पडली. "देव यायला राजी हाय," पाटील म्हणाला आणि दर्याकडे तोंड फिरवून उभा राहिला. आतोबांची नजर म्हातारपणीही चांगली होती. त्यांनी पाटलाकडे पाहिलं, मग देवाकडे पाहिलं, आणि एवढ्या वर्षांत कौलापुरते जोडलेले हात त्या दिवशी पहिल्यांदा कपाळाला लावले. ते नमस्कार कुणाला करत होते, हे मला तेव्हा कळलं नाही आणि अजून सांगता येत नाही.

देव वाजतगाजत किनाऱ्यावर आला. उंडीच्या झाडाखाली त्याला छोटं देऊळ झालं, जत्रा तिथे भरू लागली, मिठाईवाल्याचीही सोय झाली. खडकावर पुन्हा कुणी गेलं नाही. देवाची जुनी जागा म्हणून तिथे पाय ठेवायचा नाही असं पाटलाने सांगून टाकलं आणि ते आजवर पाळलं जातं. आतोबा त्याच पावसाळ्यात गेले. त्यांना रिकाम्या खडकाचा आणखी एक ज्येष्ठ बघावा लागला नाही, याचं आत्याला समाधान होतं, आणि दुःख त्याहून जास्त होतं. घर इतकं निवांत झालं की मला तिथे राहवेना. बदली मागून घेतली.

आता मी सुटीत कधीतरी आगरदांड्याहून तरीने दिघीला येतो. वैशाख संपत आलेला असतो. पाटील थकला आहे. मला बघून नुसती मान हलवतो. कधी खडकावर एखाददुसरं सुरय पाखरू घिरट्या घालताना दिसतं. उतरतं का, हे इतक्या लांबून सांगता येत नाही, आणि जवळ जायची आम्हाला मनाई आहे. देवळापाशी आलो की मी चपला काढतो. तो धोंडा कुठला, त्याच्यावरचा पहिला शेंदूर कुणाच्या पुड्यातला, सगळं मला ठाऊक आहे. तरी हात जोडतो आणि खडकावर पाखरं उतरू देत, एवढंच मागतो. शेजारी उभ्या असलेल्या कोळणीही डोळे मिटून पुटपुटत असतात. त्यातल्या पुष्कळजणी तेच मागत असतात.